उभी रेघ, आडवी रेघ

गेल्या वर्षी आमच्या इंदूरच्या जुन्या घराची आवराआवर निघाली, तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत कागदांची एक गुंडाळी हाती लागली. तिला जुन्या साडीच्या काठाची पट्टी बांधलेली होती. सोडून पाहिली, तर आमच्या दिवंगत आत्यांच्या हातचे सरावाचे कागद निघाले. पहिल्या कागदावर नुसत्या उभ्या रेघा, दुसऱ्यावर आडव्या, तिसऱ्यावर तिरप्या. पुढे अर्धवर्तुळे, मग कंपास न घेता काढलेली वर्तुळे, आणि अखेरीस मध्यरेषेच्या दोन्ही बाजू सारख्या साधून काढलेली सुरई. असे चाळीस-एक कागद. कोपऱ्यात बारीक अक्षरांत तारखा होत्या आणि साल होते १९४३. आमचा अकरा वर्षांचा नातू शेजारी उभा होता. त्याने सारी गुंडाळी निरखून पाहिली आणि विचारले, "आजोबा, यात चित्र कुठे आहे?"

प्रश्न रास्त होता. "हा सराव आहे, बाळ," असे सांगून आम्ही वेळ मारून नेली. परंतु ते उत्तर आमचे आम्हालाच अपुरे वाटले. हा सराव आला कोठून, कोणत्या हेतूने तो आपल्या मुलामुलींच्या हाती दिला गेला, त्यातून काय साधले आणि काय निसटले, याचा विचार करता करता जे जुळत गेले, ते येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रेषेची मुळाक्षरे

अवघड विद्येचे लहान लहान तुकडे करून एकेक तुकडा हाताला मुरवावयाचा, ही कल्पना आपल्या लोकांना मुळीच परकी नव्हती. धुळपाटीवर बोट फिरवून धुळाक्षरे गिरवायची, वळण बसले की कित्ता पुढे घ्यायचा, अशी आपल्या पंतोजींची रीत होती. मोडी लिहिणारा कारकून आधी आडवी रेघ ओढून घेई आणि मग तिच्या आधाराने अक्षरे उतरवी. गवयाच्या घरी जन्मलेल्या मुलालाही खर्ज आणि पलटे चुकले नाहीत. ‘वळण’ हा शब्द आपण अक्षरालाही लावतो आणि माणसाच्या वागणुकीलाही लावतो, यातच पुष्कळ काही आले. मात्र चित्रकलेचा जो सराव आपल्या शाळांत रूढ झाला, त्याचे मूळ युरोपात आहे.

स्वित्झर्लंडमधील थोर शिक्षक पेस्तालोझी यांनी १८०३ मध्ये निरीक्षणाची मुळाक्षरे शिकविणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलाने लिहिण्याआधी नीट पाहावयास शिकावे, आणि पाहणे शिकवावयाचे तर सरळ रेषा, कोन आणि वक्र यांपासून प्रारंभ करावा, असा त्यांचा विचार होता. भाषेला जशी अक्षरे, तशी दृष्टीला रेषा. अक्षरे थोडी असली तरी त्यांतून साऱ्या ग्रंथांची रचना होते. त्याचप्रमाणे चार-सहा प्रकारच्या रेषा ज्याच्या हातात बसल्या, त्याला जगातील कोणताही आकार उतरविता येईल, ही त्यामागील श्रद्धा.

हा विचार इंग्लंडात पोचला, तेव्हा त्याला कारखानदारीचे वळण लागले. लंडन येथे १८५१ मध्ये जे मोठे जागतिक प्रदर्शन भरले, त्यात इंग्रजांच्या यंत्रांचे कौतुक झाले. पण त्यांच्या मालावरील नक्षी फ्रेंच वस्तूंपुढे आणि हिंदुस्थानी कापडापुढे फिकी ठरली. ती उणीव भरून काढण्यासाठी हेन्री कोल आणि रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथून देशभरासाठी चित्रकलेचा एक ठरीव अभ्यासक्रम आखला. त्याच्या २३ पायऱ्या होत्या. प्रारंभी उपकरणांनी काढावयाच्या भौमितिक आकृत्या, नंतर छापील नमुन्यावरून मुक्तहस्त बाह्यरेखा, मग प्लास्टरच्या घडीव नमुन्यांवरून रेखन, त्यानंतर छायांकन, मग मानवी आकृती, रंग, आणि स्वतःच्या कल्पनेने रचना करणे शेवटी. खालची पायरी पक्की झाल्याखेरीज वरच्या पायरीवर पाय ठेवावयाचा नाही. चित्रकार घडविणे हा या योजनेचा मुख्य हेतू नव्हता. अचूक हाताचे कारागीर, नक्षीकार आणि त्यांना शिकविणारे शिक्षक तिला हवे होते.

१८५७ सालातील दोन गोष्टी

आपल्याकडे १८५७ म्हटले की उठावाचीच आठवण होते, आणि इंदूर-ग्वाल्हेरकरांना ती विशेष होते. त्याच वर्षी सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईची कलाशाळा सुरू झाली. तिचे पहिले वर्ग एल्फिन्स्टन संस्थेच्या इमारतीत भरत. १८६५ मध्ये जॉन ग्रिफिथ्स आणि लॉकवुड किपलिंग हे दोन शिक्षक तेथे आले आणि शाळेला स्थैर्य लाभले. दोघांचेही संस्कार साउथ केन्सिंग्टनचे. तेव्हा त्या पायऱ्या आणि ते प्लास्टरचे नमुने मुंबईत आले, यात नवल नाही.

दुसरी गोष्ट लंडनमधील. जॉन रस्किन या प्रसिद्ध कलासमीक्षकाने नवशिक्यांसाठी लिहिलेले चित्रकलेच्या मूलतत्त्वांवरील पुस्तक १८५७ मध्येच प्रसिद्ध झाले. रस्किन हा साउथ केन्सिंग्टनच्या यांत्रिक शिस्तीचा कडवा टीकाकार. तो लंडनच्या कामगार महाविद्यालयात मजुरांना चित्रकला शिकवीत असे, आणि त्याची भूमिका अशी की चित्र शिकण्याचा उद्देश कारखान्याला नक्षी पुरविणे हा नसून सृष्टीकडे पाहावयास शिकणे हा आहे. एखाद्यास वाटेल की अशा माणसाने शिष्याला थेट झाडाखाली नेऊन बसविले असेल. पण त्याच्या पुस्तकातील पहिला धडा काय आहे? एक लहान चौकोन काढावा, आणि बारीक टाकाने एकमेकींना छेदणाऱ्या रेघा ओढून तो इतका सारखा भरावा की कोठेही डाग वा फट न दिसता एकसंध करडी छटा दिसावी. बस्स, एवढेच. ते साधेपर्यंत पुन्हा पुन्हा तेच.

आम्हाला या योगायोगात मोठा बोध दिसतो. कला कशासाठी याविषयी ज्या दोन पक्षांचे कधीच जमले नाही, त्या दोघांनीही पहिल्या दिवशी विद्यार्थ्याला जे काम दिले, ते सारखेच नीरस आणि सारखेच संथ होते. वाद पुढच्या वाटेबद्दल होता, उंबरठ्याबद्दल नव्हता. रस्किनने तर हिशेबही मांडून ठेवला आहे. रोज एक तास याप्रमाणे सहा महिने, अथवा सोयीप्रमाणे विभागून एकूण सुमारे १५० तास सराव केला, तर सामान्य माणसाला समोरची वस्तू विश्वासूपणे काढण्याइतपत हात येतो, असे तो सांगतो. प्रतिभेचे नावही न घेता तासांचा हिशेब देणे, यात नवशिक्याला केवढा धीर आहे!

त्याच पुस्तकात त्याने आणखी एक गोष्ट सांगितली आहे. बारा-चौदा वर्षांच्या आतील मुलाला अशा सरावास जुंपू नये. त्याला कागद आणि रंग देऊन मनासारखे काढू द्यावे. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. तिच्याकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

गिरविण्याचे फळ आणि दोष

मुंबईच्या कलाशाळेत या सरावाचे झाले काय, याची साक्ष दगडांत आणि कागदांत दोन्हीकडे आहे. १८८८ मध्ये पूर्ण झालेल्या बोरीबंदरच्या भव्य स्थानकावर, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर, जी पानाफुलांची, पशुपक्ष्यांची नक्षी आहे, तिच्यात या शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. आपल्यापैकी अनेकांनी इंदूर, बडोदे किंवा हैदराबादेहून मुंबईस उतरताना ती नक्षी मान वर न करता ओलांडली असेल. ज्यांनी ती घडविली, त्यांनी आधी अशीच पाने कागदावर शेकडो वेळा गिरविली होती.

१८७२ ते १८८५ या काळात ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करविल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतले एक प्रमुख नाव. मंद उजेडात, पोपडे धरलेल्या भिंतीसमोर बसून दुसऱ्याची रेषा जशीच्या तशी उतरविणे हे सोपे काम नव्हे. त्यांपैकी पुष्कळ प्रतिकृती लंडनला ठेविल्या असता १८८५ मध्ये आगीत नष्ट झाल्या, ही दुःखाची गोष्ट. तरी ग्रिफिथ्स यांच्या १८९६-९७ मधील ग्रंथामुळे अजिंठ्याची चित्रे जगापुढे आली. येथे एक गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. परदेशी नमुने गिरवून तयार झालेल्या हातांना अजिंठ्याच्या भिंतींवर आपल्याच पूर्वजांची रेषा गिरविण्याची संधी मिळाली.

पण दोष सांगितल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही. या पद्धतीत एकेका प्लास्टरच्या नमुन्याच्या छायांकनावर महिनेच्या महिने जात. पावाच्या मऊ गराने खोडायचे, पुन्हा घासायचे, पुन्हा खोडायचे. नमुने ग्रीक आणि रोमन. ज्या मुलाने घरी देव्हाऱ्यातील बाळकृष्ण आणि अंगणातील तुळस पाहिली, त्याने वर्षानुवर्षे परक्या देवतांची नाके आणि परक्या वेलींची पाने काढावीत, यात विसंगती होतीच. १८९६ मध्ये कलकत्त्याच्या कलाशाळेत आलेल्या ई. बी. हॅवेल यांनी या विसंगतीवर बोट ठेवले, आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांच्यासह तेथे वेगळी वाट शोधली. मुंबईतही १९१९ नंतर ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत निर्जीव नमुन्यांऐवजी जिवंत माणसासमोर बसून रेखन करण्यास आणि भित्तिचित्रणास महत्त्व आले. आमच्या मते या टीकाकारांचे म्हणणे योग्य होते. मात्र त्यांचा रोख काय गिरवावे आणि किती काळ गिरवावे यावर होता. हात मुळी तयारच करू नये, असे त्यांच्यापैकी कोणी म्हटलेले नाही.

हायस्कुलातील चार प्रश्नपत्रिका

मुंबईची कलाशाळा मूठभरांची. आपल्या मध्यमवर्गाच्या घरात हा सराव शिरला तो हायस्कुलांतून, आणि विशेषतः ‘एलिमेंटरी’ व ‘इंटरमीजिएट’ या सरकारी चित्रकला परीक्षांमुळे. गावोगावच्या ड्रॉइंग मास्तरांनी, बहुधा सुट्टीच्या दिवशी सकाळी, या परीक्षांची तयारी करून घेतली. आजही महाराष्ट्रात कला संचालनालयातर्फे या परीक्षा होतात आणि दहावीच्या निकालात त्यांचे वाढीव गुण धरले जातात.

ज्यांनी या परीक्षा दिल्या, त्यांना वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन हे शब्द नुसते ऐकूनही रबराचा वास येईल. प्रत्येकामागे एक युक्तिवाद आहे. वस्तुचित्रात समोर तांब्या, ठोकळा, पुस्तक असे काही मांडलेले असे. हात ताठ करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठ्याने माप घ्यावयाचे. रुंदीच्या किती पट उंची आहे ते ठरवावयाचे. तांब्याचे तोंड गोल आहे हे आपल्याला ठाऊक असते, पण बसल्या जागेवरून ते दिसते लंबवर्तुळ. जे ठाऊक आहे ते बाजूला ठेवून जे दिसते ते काढावयाचे, हा त्यातला धडा. स्मरणचित्रात समोर काहीच नसे. नदीवरचा घाट, बाजार, पाणवठा असा विषय देत. म्हणजे एरवी रस्त्याने जाताना डोळे उघडे ठेवणे भाग पडे. संकल्पचित्रात दिलेल्या आकारात पानाफुलांची मांडणी करून तोल साधावयाचा. भूमितीत तर चूक लपवावयास जागाच नसे.

या साध्या तयारीतून माणसे कोठवर गेली, याचे एक उदाहरण दादासाहेब फाळके यांचे. ते १८८५ मध्ये मुंबईच्या कलाशाळेत रेखन शिकले आणि १८९० मध्ये बडोद्याच्या कलाभवनात दाखल झाले. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्याच वर्षी स्थापन केलेली ही संस्था. त्रिभुवनदास गज्जर हे तिचे पहिले प्राचार्य, आणि हुन्नर व शास्त्र मातृभाषेतून शिकवावे हा त्यांचा आग्रह. फाळके यांनी पुढे चित्रपट काढण्याआधी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून ‘अंकुराची वाढ’ हा लहानसा चित्रपट तयार केला, आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. एका रोपासमोर दिवसामागून दिवस तेच काम न कंटाळता करणाऱ्या माणसाला सरावाची बैठक कोणी वेगळी शिकवावी लागली नसेल.

कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये विद्यार्थी म्हणून मुंबईच्या कलाशाळेत शिरले, तेथेच शिक्षक झाले आणि १९३१ पर्यंत राहिले. आपल्या आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असेच नाव दिले. त्यांची पौराणिक चित्रे, पुस्तकांतील चित्रे आणि पोस्टकार्डे आपल्या आजोबांच्या पिढीने घरोघर पाहिली.

इंदूर ते बडोदे

महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या आपल्या मंडळींसाठी या कहाणीचे सर्वांत जवळचे पान इंदूरचे आहे. मुंबईत शिकलेले दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी होळकर संस्थानात १९२७ मध्ये येथे कलाशाळा उभी केली. शाळा लहान, साधने बेताची. पदविकेच्या परीक्षेला मुंबईस जावे लागे. पण शिष्य पाहावेत. १९१० मध्ये इंदुरातच जन्मलेले नारायण श्रीधर बेंद्रे येथे शिकले आणि १९३३ मध्ये मुंबईची पदविका मिळवून आले. पंढरपुरात जन्मलेले आणि इंदुरात वाढलेले मकबूल फिदा हुसेन यांनीही याच शाळेत काही काळ धडे घेतले. देवकृष्ण जटाशंकर जोशी आणि विष्णू चिंचाळकर हेही येथलेच. या मंडळींची ओळख मोकळ्या हवेतील निसर्गचित्रांनी झाली. घाट, गल्ल्या, उन्हातली कौले त्यांनी भरभर, मोकळ्या हाताने रंगविली. असा मोकळा हात आपोआप येत नाही. ज्याची रेषा अडखळते, त्याला उन्हाची तिरीप सरकण्याआधी चित्र पुरे करता येत नाही.

बेंद्रे १९५० मध्ये बडोद्यास महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या नव्या ललितकला विभागात चित्रकलेचे प्रमुख म्हणून गेले, १९५९ मध्ये अधिष्ठाता झाले आणि १९६६ पर्यंत तेथे राहिले. ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाम मोहम्मद शेख अशी पुढे नावारूपास आलेली मंडळी त्यांच्या हाताखाली शिकली. होळकरांच्या राजधानीत लागलेले रोप गायकवाडांच्या राजधानीत असे वाढले.

चिंचाळकर गुरुजींनी वेगळे वळण घेतले. वाळकी काटकी, फाटका कागद, झाडाची साल यांत दडलेला मोर, म्हातारी, घोडा ते मुलांना दाखवीत. वरवर पाहता हे रेघा गिरविण्याच्या अगदी उलट टोक. पण विचार केला तर पेस्तालोझींचा जो मूळ हेतू, पाहावयास शिकविणे, तोच येथे पेन्सिलीविना सिद्धीस गेला होता. २००० मध्ये गुरुजी गेले. इंदुरातील अनेक घरांत त्यांनी सहज वाकवून दिलेली एखादी काटकी अजून जपून ठेवलेली असेल.

बेळगावची परंपराही विसरता येत नाही. तेथील चित्रकार-शिक्षक के. बी. कुलकर्णी यांच्या हाताखाली तयार झालेले रवी परांजपे (१९३५-२०२२) यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘ब्रश मायलेज’ हे नाव दिले. गाडी किती मैल धावली तसा कुंचला किती चालला, हा हिशेब एका यशस्वी चित्रकाराला स्वतःच्या आयुष्याचे नाव म्हणून पुरेसा वाटला. रस्किनचे १५० तास आणि परांजप्यांचे मैल, एकूण एकच.

आत्यांची गोष्ट

ही झाली नामवंतांची हकीकत. आता त्या ट्रंकेकडे वळू.

आमच्या आत्यांना १९४१ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी वैधव्य आले. सासर नाशिकचे, तेथे थारा नव्हता. त्याच गावी मामा होते, त्यांनी ठेवून घेतले. शेजारच्या एका ड्रॉइंग मास्तरांच्या सल्ल्याने त्यांनी चित्रकलेच्या परीक्षांचा अभ्यास आरंभला. गुंडाळीतले कागद त्या काळचे. पहाटे घरकामाआधी कंदिलाशी बसून त्या रेघा ओढीत. चार वर्षांत दोन्ही ग्रेड आणि शिक्षकाची परीक्षा उत्तीर्ण होऊन त्या इंदूरला माहेरी परतल्या आणि मुलींच्या एका शाळेत ड्रॉइंगच्या बाई झाल्या. १९८० मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी कोणापुढे हात पसरला नाही. उलट आमच्या वडिलांच्या आजारपणात वर्षभर घर त्यांच्या पगारावर चालले.

आम्ही सातवीत असताना आमच्या शाळेतील मास्तरांनी फळ्यावरचा पोपट काढण्यास सांगितले. आमचा पोपट पाहून "तुझ्या हातात चित्र नाही," असे त्यांनी वर्गादेखत सांगून टाकले. घरी येऊन आम्ही वही फेकली. आत्यांनी ती उचलली आणि म्हणाल्या, "चित्र कुणाच्याच हातात नसतं रे, ते घालावं लागतं." दुसऱ्या दिवसापासून रोज दोन ठिपके देऊन ते जोडावयास सांगू लागल्या. "पेन्सिलीच्या टोकाकडे बघू नकोस. जिथं जायचंय त्या ठिपक्याकडे बघ. आणि मनगट नको, खांद्यापासून हात हलू दे." पहिले आठ दिवस रेघ सापासारखी वळवळली. पंधरवड्याने सरळ जाऊ लागली. दोन महिन्यांनी आम्ही पोपट काढला. तो काही विशेष नव्हता. पण आम्ही काढू शकतो हे आम्हाला कळले होते, आणि ते पोपटापेक्षा मोठे होते.

आम्ही चित्रकार झालो नाही. राज्य शासनाच्या महसूल खात्यात नोकरी केली. तेथे ज्याला ‘नजरी नक्शा’ म्हणतात, तो प्रत्यक्ष जागेवर उभे राहून डोळ्याच्या अंदाजाने काढावा लागतो. एकदा बांधाच्या वाटेवरून दोन भाऊबंदांत तंटा होता. तीस-चाळीस माणसे भोवती, दोन्हीकडून आरडाओरडा. आम्ही पावले मोजली, विहीर, निंब, देवीचा ओटा आणि वाट असा आराखडा सर्वांदेखत कागदावर काढला. दोन्ही भाऊ वाकून पाहू लागले आणि एक म्हणाला, "हाँ साहब, यही है." तंटा मिटला असे नाही; पण तंटा नेमका कशाचा आहे यावर प्रथमच एकमत झाले. इतक्या लोकांसमोर आमचा हात कापला नाही, याचे श्रेय त्या ठिपक्यांना आहे.

आता हिशेबाची दुसरी बाजू. सारी ट्रंक उपसली, तरी आत्यांनी स्वतःच्या मनाने काढलेले एकही चित्र आम्हाला सापडले नाही. परीक्षेचे कागद होते, शाळेसाठी केलेले तक्ते होते, मुलींच्या वह्यांत घालावयाचे नमुने होते. त्यांना काय काढावेसे वाटत होते, हे आम्ही कधी विचारले नाही आणि त्यांनी कधी सांगितले नाही. सरावाने त्यांना भाकरी दिली, मान दिला, धीर दिला. मनाजोगते काढण्याची मोकळीक मात्र दिली नाही. ती घरातल्यांनी द्यावयाची होती. आम्हीच ती दिली नाही, याची खंत आज वाटते.

म्हणून नातवाच्या प्रश्नाला आता आमचे उत्तर असे आहे. या कागदांत चित्र नाही हे खरे. यात चित्र काढण्याचा धीर आहे. तो कष्टाने मिळतो, पण कोणालाही मिळू शकतो. मात्र धीर मिळाला की चित्र काढावयास हवे, नाहीतर नुसत्या रेघांची गुंडाळी राहते. नातू अजून बारा वर्षांचा झालेला नाही. रस्किनचा सल्ला मानून आम्ही त्याला सक्ती करीत नाही. तो त्याच्या आवडीची क्रिकेटची आणि अग्निबाणांची चित्रे काढतो. एखाद्या दिवशी अग्निबाण वाकडा आला म्हणून तो स्वतःच चिडतो, त्या दिवशी आम्ही दोन ठिपके देतो. दहा मिनिटे, त्याहून अधिक नाही.

शेवटी वाचकांस एक विनंती. नामवंतांची चित्रे संग्रहालयांत आहेत, त्यांचा इतिहास लिहिला जाईल. पण इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, गोवे, हैदराबाद येथील आपल्या घरांतून ज्या असंख्य मुलामुलींनी या रेघा ओढल्या, कोणी शिक्षिका झाल्या, कोणी नकाशे काढले, कोणी नुसतेच दारापुढची रांगोळी नीट काढू लागल्या, त्यांचा पुरावा माळ्यावरच्या ट्रंकांतच आहे. घरे विकली जात आहेत, वाडे पडत आहेत आणि असे कागद रद्दीत चालले आहेत. आपल्या घरी अशी गुंडाळी निघाली तर ती टाकण्यापूर्वी उलगडून पाहावी, कोणाच्या हातची आणि कोणत्या सालची ते मागे लिहून ठेवावे, आणि ते माणूस हयात असेल तर त्याच्यापुढे एक कोरा कागद ठेवून विचारावे, की तुम्हाला स्वतःला काय काढावेसे वाटत होते?